कॉर्बेटसाहेबांची हलकी रायफल

दिवाळीच्या पहाटे अंगणात फटाके वाजू लागले की जो उग्र वास घरात शिरतो, तो गंधक, सोरा आणि कोळसा ह्या त्रयीचा. हीच त्रयी अनेक शतके बंदुकीच्या नळीतही भरली जात होती. तेव्हा दिवाळी अंकात बंदुकीवर लिहिणे अगदीच अप्रस्तुत ठरू नये. शिवाय आपल्या दिवाळी अंकांना शिकारकथेचे वावडे कधीच नव्हते. चकली मोडत मोडत मचाणावरची रात्र वाचावी, वाघ आला की हात ताटावरच थबकावा, आणि बार झाला की पुन्हा चकलीकडे वळावे, असा आनंद आपल्यापैकी कित्येकांनी लहानपणी घेतला असेल.

ह्या कथा वाचताना मला मात्र एक खोड जडली. वाघ केवढा होता ह्यापेक्षा, शिकाऱ्याच्या हातात बंदूक कोणती होती, आणि तीच का होती, ह्याची मी चौकशी करू लागलो. मी शिकारी नव्हे. महाविद्यालयात असताना एन.सी.सी.च्या गणवेशात पालथे पडून .२२ च्या रायफलीने कागदी निशाणावर गोळ्या झाडल्या, एवढाच माझा पराक्रम. पण त्या पाच-दहा गोळ्यांनी एक गोष्ट हाताला शिकवली. प्रत्येक बारानंतर बोल्टची मूठ वर उचलायची, मागे ओढायची, पुढे ढकलायची आणि खाली पाडायची. चार हालचाली, सरावलेल्या हाताला त्यांना दोन सेकंदही लागत नाहीत. समोर कागद असेल तर दोन सेकंद म्हणजे काहीच नाही. समोर जखमी वाघीण असेल तर? ह्या एका प्रश्नाभोवती रायफलींचा अर्धा इतिहास फिरतो, असे मला पुढे वाचनातून कळले.

हा बोल्ट म्हणजे दुसरेतिसरे काही नाही, जुन्या वाड्याच्या दाराची सरकती कडीच. कडी सरकवून खाली पाडली की दार पक्के बंद. वर उचलून मागे ओढली की उघडे. नळीचे मागचे तोंड अशाच कडीने बंद करावे, ही कल्पना प्रशियातल्या ड्रायझे नावाच्या कारागिराने प्रत्यक्षात आणली आणि १८४१ साली प्रशियाच्या सैन्याने त्याची बंदूक स्वीकारली. १८६६ साली केनिगग्रेट्सच्या रणांगणावर तिचा गुण दिसला. ऑस्ट्रियाचा शिपाई उभा राहून नळीच्या पुढच्या तोंडातून दारूगोळा ठासत होता; प्रशियाचा शिपाई जमिनीवर पडल्या पडल्या मागून काडतूस घालीत होता. उभ्या माणसाला गोळी लवकर लागते, हे सांगायला युद्धशास्त्र नको.

ह्या कडीला पूर्णत्व दिले ते पीटर पॉल माउझर ह्याने. नेकार नदीकाठच्या ओबर्नडॉर्फ गावी १८३८ साली एका बंदूक कारागिराच्या घरी हा जन्मला. आयुष्यभर त्याने एकाच यंत्राचा ध्यास घेतला; १९०१ साली नव्या रायफलीची चाचणी घेताना झालेल्या अपघातात एक डोळा गमावला, तरी काम सोडले नाही. त्याची १८९८ सालची रायफल म्हणजे ह्या घराण्याची कुलस्वामिनीच म्हणायची. तिच्या बोल्टला पुढच्या टोकाशी दोन भक्कम कान, आणि ते दगा देतील तर म्हणून मागे तिसरा. खालच्या पेटीत पाच काडतुसे. आणि तिची खरी करामत म्हणजे बोल्टच्या कडेला बसवलेला लांब पोलादी पंजा. काडतूस पेटीतून वर आले की हा पंजा त्याच्या बुडाची कड धरतो आणि पुंगळी बाहेर फेकीपर्यंत सोडीत नाही. रायफल आडवी असो, उलटी असो, धरणाऱ्याचे हात थरथरत असोत, काडतूस वाटेत निसटत नाही. घाबरलेल्या माणसाच्या हातूनही यंत्र चुकू नये, ही चिंता ज्याने केली तो कारागीर मोठाच. अमेरिकेने आपली १९०३ सालची स्प्रिंगफील्ड रायफल बनवताना माउझरच्या इतक्या युक्त्या उचलल्या की त्या सरकारला माउझरच्या कारखान्याला दोन लक्ष डॉलर मोजून द्यावे लागले.

इंग्रजांच्या सैन्यात ह्याच सुमारास दुसरी कडी आली. जेम्स पॅरिस ली ह्या स्कॉटलंडमध्ये जन्मलेल्या संशोधकाची ती कल्पना. १८८८ च्या ली-मेटफर्डपासून पुढच्या .३०३ ली-एन्फील्डपर्यंतच्या सगळ्या रायफली ह्याच कुळातल्या. तिच्या बोल्टचे कान मागच्या बाजूला असल्याने तो आखूड अंतरात आणि लोण्यासारखा फिरतो. पेटीत पाचाऐवजी दहा काडतुसे. मराठा पलटणींच्या शिपायांनी दोन्ही महायुद्धांत जी खांद्यावर वाहिली ती हीच. वेगाच्या बाबतीत ली सरस, बळकटीच्या बाबतीत माउझर सरस, असा निवाडा जाणकार देतात.

आता शिकाऱ्याच्या घरी येऊ. विसाव्या शतकाच्या आरंभी मोठ्या जनावराच्या मागे जाणाऱ्यापुढे दोनच खरे पर्याय होते. एक ही माउझर पद्धतीची बोल्टची रायफल. दुसरी दुनळी रायफल, म्हणजे शेजारी शेजारी दोन नळ्या, मधोमध मोडून काडतुसे भरायची. दोघींचे पक्षपाती आजतागायत एकमेकांशी भांडत आले आहेत.

दुनळीच्या बाजूने पहिला मुद्दा वेळेचा. पहिला बार झाला की बोट दुसऱ्या चापावर सरकले, दुसरा बार तयार. हात जागचा हलत नाही, डोळा माशीवरून निघत नाही, खटका वाजत नाही. दुसरा मुद्दा खात्रीचा. दोन नळ्या, दोन चाप, दोन घोडे. एकीचे यंत्र बिघडले तरी दुसरी हाताशी आहेच. तिसरा मुद्दा लांबीचा. बोल्टच्या हालचालीसाठी लागणारी जागा दुनळीला नको, म्हणून तेवढ्याच नळीची दुनळी आखूड असते आणि झुडपांत चटकन वळते. झाडीत शिरलेल्या जखमी वाघाचा माग काढणाऱ्याला हे तीन मुद्दे पुरेसे आहेत.

पण दुसरी बाजू ऐका. दुनळी ही लंडनच्या शिंप्याकडून अंगाबरोबर बेतून घेतलेल्या कोटासारखी. दोन नळ्यांच्या गोळ्या ठराविक अंतरावर एकाच जागी पडाव्यात म्हणून कारागीर महिनोन्महिने घासघास घासतो. म्हणून तिची किंमत बोल्टच्या रायफलीच्या कितीतरी पट. इतके करूनही ती एकाच जातीच्या काडतुसाशी इमान राखते. काडतूस बदलले की दोन्ही नळ्यांची तोंडे दोन दिशांना. शिवाय त्या काळच्या कॉर्डाइट दारूला उष्णता सोसत नसे. इंग्लंडच्या थंडीत बेतलेले काडतूस हिंदुस्थानच्या वैशाखात जास्त दाब निर्माण करी, आणि कधी कधी रिकामी पुंगळी नळीतच घट्ट चिकटून बसे. म्हणून उष्ण देशांसाठी कमी दारूची वेगळी काडतुसे काढावी लागली. वजनाचे तर विचारूच नका. मोठ्या मापाची दुनळी साडेचार-पाच किलोंची. हलकी बोल्टची रायफल साडेतीन किलोंच्या आसपास. सकाळी हा फरक जाणवत नाही. दहा मैलांचा डोंगर चढून झाल्यावर तो खांद्याला बरोबर कळतो.

अमेरिकेचे माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट १९०९ साली आफ्रिकेत शिकारीला निघाले तेव्हा ह्या वादातून त्यांनी राजेशाही मार्ग काढला. एक बोल्टची स्प्रिंगफील्ड, एक विंचेस्टर आणि इंग्रज चाहत्यांनी भेट दिलेली हॉलंड अँड हॉलंडची दुनळी, अशा तिन्ही त्यांनी बरोबर घेतल्या. वाहायला नोकर असले म्हणजे निवडीचा प्रश्न उरत नाही. पण ज्याला स्वतःच्याच खांद्यावर वाहायची आहे त्याला एकच निवडावी लागते, आणि खरा इतिहास अशाच माणसांचा असतो.

त्यांपैकी एक वॉल्टर बेल, स्कॉटलंडचा. हस्तिदंतासाठी ह्याने आफ्रिकेत एक हजाराहून अधिक हत्ती मारले. आज हा आकडा वाचून अंगावर काटा येतो, आणि तो यावाच. तथापि रायफलींच्या इतिहासात बेलला टाळता येत नाही, कारण त्यातले बहुतेक हत्ती त्याने ज्या रायफलीने पाडले ती ७ मिलिमीटरची साधी माउझर होती. इंग्रजी मापात तीच .२७५. तिची गोळी जेमतेम एका तोळ्याच्या आतली! त्याच काळी इतर शिकारी हत्तीसाठी .४७० सारख्या दुनळ्या वापरीत. त्यांची गोळी पावणेतीन तोळ्यांची. बेलने हत्तीची कवटी करवतीने कापून मेंदूची नेमकी जागा अभ्यासली होती. लांब, सडपातळ, न फुटणारी गोळी योग्य ठिकाणी गेली तर ती हाड भेदून आत पोहोचते, आणि अयोग्य ठिकाणी गेली तर पावणेतीन तोळ्यांचीही उपयोगी पडत नाही, हा त्याचा सिद्धान्त. हलक्या रायफलीचा धक्का खांद्याला बसत नाही. म्हणून चाप ओढताना डोळे मिटत नाहीत.

सिद्धान्त गोड आहे, पण त्याची परीक्षा १९११ साली एका दुसऱ्या माणसाच्या प्राणांवर झाली. जॉर्ज ग्रे हा इंग्लंडचे तेव्हाचे परराष्ट्रमंत्री सर एडवर्ड ग्रे ह्यांचा भाऊ. पूर्व आफ्रिकेच्या माळावर त्याने सिंहाचा पाठलाग केला. हातात .२८० ची रॉस रायफल होती. ही कॅनडाची, मूठ वर उचलण्याचीही गरज नाही, नुसती सरळ मागे ओढायची आणि पुढे ढकलायची. गोळी हलकी आणि अतिवेगवान. सिंह अंगावर आला. ग्रेने गोळ्या मारल्या, त्या लागल्याही. पण त्या वेगाने आदळलेली मऊ गोळी वरच्या वरच फुटली, आत गेली नाही. सिंह थांबला नाही. काही दिवसांनी नैरोबीत ग्रेचा अंत झाला. ह्याच रॉस रायफलीने पुढे १९१५ साली ईप्रच्या चिखलात कॅनडाच्या शिपायांना ऐन वेळी दगा दिला. बोल्ट अडकून बसू लागले, आणि १९१६ पर्यंत त्यांच्या हाती ली-एन्फील्ड द्यावी लागली. बेलची रायफल हलकी, ग्रेचीही हलकी. फरक गोळीच्या घडणीत आणि समोरच्या क्षणात होता. हत्ती बेलला पाहत नव्हता. सिंह ग्रेवर झेपावत होता. स्वस्थ जनावरावर नेम धरणे वेगळे आणि धावत्या मृत्यूला थोपवणे वेगळे.

आपल्या देशात ह्या निवडीत आणखी एक भिडू बसलेला असे, तो म्हणजे सरकार. १८५७ नंतर राज्यकर्त्यांनी रयतेची शस्त्रे काढून घेतली, आणि १८७८ साली लिटनच्या कारकिर्दीत हत्यारांचा कायदा आला. युरोपियनाला परवान्यातून सूट. एतद्देशीयाला परवाना हवा. काँग्रेसच्या सुरुवातीच्या अधिवेशनांतून ह्या कायद्याविरुद्ध ठराव होत, ते काही शिकारीच्या हौसेपायी नव्हे. सैन्याच्या मापाचे काडतूस प्रजेच्या हाती जाऊ नये ही सरकारची भीती एवढी दांडगी की १९०७ च्या सुमारास .४५० मापाच्या रायफलींच्या आयातीवरच बंदी आली. सरहद्दीवरच्या बंडखोरांकडे जुन्या मार्टिनी-हेन्री रायफली होत्या आणि त्यांचे माप तेच. मग लंडनच्या कारागिरांनी .४७०, .४६५ अशी नवी मापे काढली. मोठमोठ्या शिकारग्रंथांत ज्या मापांची रसभरित चर्चा चालते, त्यांतली कित्येक केवळ दिल्ली-कलकत्त्याच्या भीतीतून जन्मली आहेत. .३०३ तर सैन्याचीच, म्हणून ती वर्ज्य. ही रीत स्वातंत्र्यानंतरही चालू राहिली. इशापूरच्या सरकारी कारखान्याने नागरिकांसाठी .३१५ ची बोल्टची रायफल काढली, ती ह्याच कारणाने वेगळ्या मापाची.

आणि गावकऱ्यांचे काय? आमच्या मावळातल्या गावी पाटलांच्या सोप्यात खुंटीला एक ठासणीची बंदूक असे. शेतात डुकरे शिरली की ती खाली उतरायची. दारू ओतायची, वर चिंध्यांचा बोळा, मग शिसे, मग गजाने ठासायचे, मग टोपी बसवायची. एक बार, आणि सगळे पहिल्यापासून. डुक्कर तोवर पुढच्या शिवारात. त्या घरात ‘कोणती रायफल घ्यावी’ हा प्रश्न कधी निघाला नसावा. निवड ही ज्याला मुभा आहे त्याचीच चैन असते.

ही सगळी सूत्रे एकत्र येतात ती कुमाऊँच्या डोंगरात, जिम कॉर्बेट ह्यांच्या चरित्रात. नैनितालला १८७५ साली जन्मलेला हा गृहस्थ आपल्या वाचकांना नवखा नाही. त्यांचे नरभक्षकांवरचे पहिले प्रसिद्ध पुस्तक १९४४ साली निघाले, तेही आपल्या मुंबईहून. त्यांची पहिली नरभक्षक वाघीण चंपावतची. नेपाळात दोनशे आणि कुमाऊँत दोनशे छत्तीस, मिळून ४३६ माणसे तिच्या नावावर होती. १९०७ साली तिच्यासाठी हाका घालायचे ठरले तेव्हा तहसीलदाराने गावोगाव कळवले की, विनापरवाना हत्यार कोणी आणले तरी आज आपण डोळेझाक करू. वर काडतुसेही देऊ. २९८ माणसे जमली, आणि त्यांनी जी हत्यारे आणली त्यांचे एक पदार्थसंग्रहालय उभे राहिले असते, असे कॉर्बेटसाहेब सांगतात. विचार करा. इतकी वर्षे जे लोक दार लावून घरात कोंडून बसले होते, त्यांच्याकडे आढ्यात, गवतात लपवलेली जुनीपुराणी हत्यारे होती. पण ती बाहेर काढण्याची भीती वाघिणीच्या भीतीहून फारशी कमी नव्हती.

त्या दिवशी कॉर्बेटसाहेबांच्या हाती .५०० ची जड रायफल होती आणि बरोबर काडतुसे फक्त तीन. दोन वाघिणीसाठी, एक अडीअडचणीला, असा हिशेब. पहिली गोळी वाया गेली. पुढच्या दोन लागल्या, पण वाघीण पडली नाही. हात रिकामे झाले तेव्हा ते धावत तहसीलदाराकडे गेले आणि त्याची बंदूक हिसकावून आणली. नेम धरताना पाहतात तो नळ्या आणि मागचा ठोकळा ह्यांच्यामध्ये चांगली फट! तरी बार काढला. ती गोळी पंजाला लागली. वाघीण खाली आली ती आधीच्याच जखमांनी. पुढे नैनितालच्या दरबारात लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन ह्युएट ह्यांनी तहसीलदाराला नवी बंदूक बक्षीस दिली. त्या फटीची हकीकत ज्याला ठाऊक आहे त्याला ह्या बक्षिसाचे औचित्य पटेल.

कॉर्बेटसाहेबांना ह्युएट ह्यांच्याकडून मिळाली ती .२७५ ची रायफल. लंडनच्या रिग्बी कंपनीने माउझरच्या बोल्टवर बांधलेली. दस्त्यावर चांदीची लहानशी पट्टी. बेलच्याच मापाची. म्हणजे जगप्रसिद्ध झालेली ही रायफल त्यांनी दुकानात जाऊन निवडलेली नव्हती. पण रोज सकाळी घरातून निघताना हातात कोणती घ्यायची, हे निवडणे त्यांच्याकडेच होते. घरात जेफरी कंपनीची .४५०/४०० ची दुनळीही होती आणि जड कामाला ते ती नेतही. तरी पायपिटीत ही हलकी रायफल त्यांच्या हाती वारंवार दिसते.

रुद्रप्रयागच्या बिबट्याने सरकारी नोंदीप्रमाणे १२५ माणसे खाल्ली होती. १९२६ च्या मे महिन्याच्या आरंभी कॉर्बेटसाहेब यात्रेच्या वाटेवर आंब्याच्या झाडावर रात्रीमागून रात्री बसले. खाली गळ्यात घंटा बांधलेली शेळी, रायफलीला बसवलेली विजेची बत्ती. घंटा वाजली, बत्ती लागली, बार झाला, आणि बत्ती विझत गेली. दुसऱ्या गोळीची संधीच नव्हती. तिथे दुनळीची दुसरी नळी असती तरी अंधारात कोणावर झाडणार? तिथे कामाला आली ती पहिल्या गोळीची अचूकता, आणि एकनळी बोल्टची रायफल त्याच गुणासाठी नावाजलेली.

चौगडच्या वाघिणीची हकीकत मला सर्वांत मोलाची वाटते. चौसष्ट माणसे मारलेल्या ह्या वाघिणीच्या शोधात ११ एप्रिल १९३० रोजी ते एका कोरड्या ओढ्यातून उतरत होते. वाटेत रातव्याची दोन अंडी दिसली. अंडी जमवण्याचा छंद. म्हणून ती डाव्या हातात शेवाळावर जपून घेतली. एका मोठ्या दरडीला वळसा घालून मान वळवली तो उजव्या खांद्यामागे अवघ्या आठ फुटांवर वाघीण, झेप घेण्याच्या बेतात, त्यांच्याकडे पाहत. डावा हात अडकलेला. रायफल उजव्या हातात, छातीशी तिरपी. त्यांनी ती एकाच हाताने, इंचाइंचाने, वर्तुळाचा पाऊण फेरा होईल इतकी वळवली. वाघीण पाहत राहिली. नळीचे तोंड तिच्याकडे आले आणि चाप ओढला. नंतर त्या प्रसंगाचा हिशेब करताना त्यांनी यशाची कारणे तीन दिली: हातातली अंडी, हलकी रायफल, आणि वाघीण नरभक्षक होती ही गोष्ट. अंडी नसती तर दोन्ही हात मोकळे म्हणून ते गर्रकन वळले असते आणि त्या हालचालीसरशी वाघिणीने झेप घेतली असती. रायफल जड असती तर एका हाताने ती फिरलीच नसती. ज्या बोल्टसाठी एवढा वाद, तो बोल्ट इथे हलवावाच लागला नाही. कामाला आले ते वजन. नंतर त्यांनी अंडी परत घरट्यात नेऊन ठेवली, आणि अर्ध्या तासाने पाहिले तो पक्षीण त्यांवर येऊन बसली होती.

एवढे वाचल्यावर कोणी मला विचारील, मग निवड कोणाची करावी? माझा कौल असा. दिवसभर पायी हिंडायचे आणि एकच गोळी जागेवर घालायची असेल तर माउझरच्या कुळातली हलकी रायफल. ती स्वस्त, टिकाऊ, अचूक. आणि चिखल, पाऊस, घाबरलेले हात ह्यांना पुरून उरणारी. पण जखमी जनावराच्या मागे दाट झाडीत शिरायचे असेल तर दुनळीला तोड नाही, आणि जॉर्ज ग्रेची आठवण ठेवून जड गोळीच बरी. राहता राहिला प्रश्न जखमी जनावर मुळात निर्माण का होते हा, आणि त्याचे उत्तर चंपावतच्या वाघिणीच्या जबड्यात होते. तिच्या उजव्या बाजूचे वरचा आणि खालचा, दोन्ही सुळे मोडलेले होते, खालचा तर थेट हाडापर्यंत. जुन्या गोळीची जखम. नेहमीचे सावज मारणे तिला जमेना, म्हणून ती माणसाकडे वळली, असे कॉर्बेटसाहेबांचे निदान. ती गोळी कोणी झाडली, कोणत्या बंदुकीने, ह्याची नोंद कुठेच नाही. त्या अनामिकाच्या घरी कदाचित ‘नेम थोडक्यात चुकला’ अशी हळहळ झाली असेल आणि संध्याकाळी विषय संपला असेल. तिकडे ४३६ घरांत तो कधीच संपला नाही. रायफलीच्या गुणदोषांची चर्चा म्हणजे हौशी लोकांचा रिकामा उद्योग, असे ज्यांना वाटते त्यांनी हे मोडके सुळे ध्यानात ठेवावेत. आपल्या हत्याराची आणि हाताची ताकद न ओळखता झाडलेली गोळी, चाप ओढणारा घरी गेल्यावरही, इतरांच्या अंगणात हिंडत राहते.

१९७२ साली वन्य प्राणी संरक्षणाचा कायदा झाला आणि शिकारीचे हे युग आपल्याकडे संपले. त्या साली देशात १,८२७ वाघ मोजले गेले होते. १ एप्रिल १९७३ रोजी व्याघ्रप्रकल्पाचा आरंभ झाला तो कॉर्बेटसाहेबांचेच नाव दिलेल्या अरण्यात. पहिल्या नऊ क्षेत्रांत आपला मेळघाटही होता. २०२२ च्या गणतीत हा आकडा ३,६८२ वर गेला आहे. पण चंपावतचा प्रश्न अगदीच मिटलेला नाही. यवतमाळ जिल्ह्यात तेरा माणसांच्या मृत्यूचा ठपका ज्या वाघिणीवर होता, तिला २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री गोळी घालण्यात आली. भुलीचे इंजेक्शन आधी का नाही, अंधारात का, ह्यावर देशभर रण माजले. कायदा सांगतो की असा वाघ आधी जिवंत पकडण्याचा प्रयत्न करावा. ते अशक्य ठरले तरच मुख्य वन्यजीव रक्षकाने लेखी हुकूम द्यावा. रायफल कोणती, हा प्रश्न आता शेवटचा झाला आहे. पण शेतात कापूस वेचायला जाणारी बाई आणि दोन बछड्यांची वाघीण ह्यांच्यामध्ये उभे राहून निर्णय घेणाऱ्याचे ओझे कॉर्बेटसाहेबांच्या ओझ्याहून हलके आहे, असे मला वाटत नाही.

कॉर्बेटसाहेब १९५५ साली केनियात न्येरी येथे वारले. त्यांची .२७५ त्यांच्या प्रकाशनसंस्थेकडे, ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसकडे, कित्येक वर्षे होती. २०१५ साली ती रिग्बी कंपनीकडे परत गेली, आणि पुढच्या वर्षी तिला कुमाऊँच्या मुलखात पुन्हा एकदा आणून लोकांना दाखवण्यात आले. तिची छायाचित्रे मी निरखून पाहिली आहेत. दस्ता साधा, नळीवर नक्षीकाम फारसे नाही, चांदीची ती पट्टी तेवढी उठून दिसते. बोल्टची मूठ मात्र वापरून गुळगुळीत झालेली. तिच्या धन्याने आयुष्याच्या उत्तरार्धात कॅमेरा हाती घेतला आणि वाघांची चलच्चित्रे काढण्यात रात्रंदिवस घालवले. रायफल घरातच होती. पण रोज सकाळी निघताना त्यांचा हात दुसऱ्या वस्तूकडे जाऊ लागला होता.